पूर्णाखोऱ्यातील खारे पाणी आणि भरती-ओहोटीची कसोटी

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या सुमारे 4,700 चौरस किलोमीटर भूभागास खारपाणपट्टा हे नाव रूढ आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगाव या तालुक्यांतील कित्येक गावांत विहिरीचे पाणी पिण्यास व ओलितास निरुपयोगी ठरते. येथे पूर्वी समुद्र होता आणि त्याचेच पाणी भूगर्भात राहिले आहे, ही समजूत या भागात जुनी आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण निदानावरच उपाय अवलंबून असतो.

समुद्राशी जोडलेले भूजल ओळखण्याची एक प्राचीन कसोटी आहे. स्पेनच्या किनाऱ्यावरील गादेस (आजचे कादिझ) येथील हिराक्लीसच्या मंदिरात एक विहीर होती. सागरास भरती आली की तिचे पाणी उतरते व ओहोटीस चढते, असे पॉलिबियसने लिहिले. पोसिडोनियसला ते मान्य नव्हते. दिवसभर पाणी उपसले जाते आणि उपसा थांबल्यावर विहीर पुन्हा भरते, तेव्हा ओहोटीची वेळ जुळणे हा योगायोग होय, असा त्याचा तर्क होता. हा वाद स्ट्रेबोने नोंदवून ठेवला आहे. आजच्या दृष्टीने पाहता पॉलिबियसचे निरीक्षण अगदीच असंभाव्य नव्हते. भरतीचा दाब वाळू-खडकांतून आत पोचण्यास वेळ लागतो, आणि हा विलंब सहा तासांच्या आसपास झाला तर विहीर समुद्राच्या उलट वागताना दिसेल. विलंबाबरोबर हालचालही क्षीण होत जाते. दर ठरावीक अंतरास ती सारख्याच प्रमाणात घटते, हे गणित जेकब व फेरिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1950-51 च्या सुमारास भूजलमापनाच्या कामी आणले. मुक्त जलधर स्तरात ही हालचाल किनाऱ्यापासून बहुधा काही शे मीटरांत विरून जाते. वर अभेद्य थर असलेल्या बंदिस्त स्तरात ती काही किलोमीटर टिकू शकते.

ही कसोटी वऱ्हाडास लावली असता प्रश्न फार काळ उरत नाही. अकोला समुद्रसपाटीहून सुमारे 280 मीटर उंच आहे. पूर्णा चांगदेवाजवळ तापीस मिळते व तापी सुरतेखाली समुद्रास. पण त्या नदीत भरतीचे पाणी सुरतेच्या वर फार दूर चढत नाही, आणि तेथून अकोला चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आजच्या समुद्राचा येथील विहिरींशी संबंध असणे शक्य नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. विहिरीचे पाणी दिवसातून दोनदा हलले म्हणजे समुद्र जवळ आहे असे सिद्ध होत नाही. 1880 मध्ये क्लोने याने बोहेमियातील दुख्त्सोव्ह येथे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पाण्याने भरलेल्या कोळशाच्या खाणीत अशीच हालचाल नोंदविली. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने भूपृष्ठच किंचित ताणले जाते, त्याचा तो परिणाम होता. बंदिस्त स्तरातील विहिरीत हा फरक सामान्यतः काही सेंटिमीटरांचाच असतो.

मग प्राचीन समुद्राचे काय? पूर्णेच्या गाळाचे वर्णन ए. बी. विन याने 1869 मध्ये भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या अभिलेखांत केले. पुढे 1879 च्या मेडलिकॉट-ब्लॅनफर्ड यांच्या ग्रंथात दहीहांड्यापासून अमरावतीच्या दिशेने सुमारे तीस मैल पसरलेल्या मिठाच्या विहिरींची माहिती येते. सर्वांत खोल विहिरी सुमारे 120 फुटांच्या होत्या. चिकणमातीखालचा रेताड-गोट्यांचा थर फोडला की खारे पाणी वेगाने वर चढे. या चढण्याचे कारण थराच्या बंदिस्तपणात आहे. त्यासाठी समुद्र मानण्याची गरज नाही. या गाळात सागरी जीवांचे अवशेष मिळत नाहीत, हत्तीसारख्या भूचर प्राण्यांचे मिळतात. लोणारचे सरोवरही याच प्रदेशातले. समुद्राचा स्पर्श नसताना केवळ पाण्यास बाहेर वाट नसल्याने व बाष्पीभवनाने ते खारट झाले. पूर्णाखोऱ्यातील क्षारांच्या उगमाबद्दल संशोधकांत मतभेद असले, तरी अर्धशुष्क हवामान, शेकडो मीटर जाडीचा गाळ आणि निचऱ्याचा अभाव यांवर बहुतेकांचा भर आहे.

कोकणातील विहीर खारी होते ती उपशामुळे. तेथे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते, आणि समुद्रसपाटीवरील एक मीटर गोड्या पाण्यामागे खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असते, हे घायबेन व हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी दाखविले. तेथे उपशास आवर घातला की बरेच साधते. वऱ्हाडात दुखणे निराळे आहे. येथील काळ्या चिकणमातीत पाणी मुरते सावकाश व निघून जाते त्याहून सावकाश. अशा जमिनीस निचऱ्याची सोय न करता कालव्याचे पाणी मुबलक दिले, तर भूजलाची पातळी चढून क्षार मुळांशी येतात. म्हणून धरण बांधले की खारपाणपट्टा सुटला हा हिशेब फसवा आहे. पिण्यासाठी वान धरणाचे पाणी नळाने आणण्याचा मार्ग अकोट-तेल्हाऱ्याकडे पत्करला गेला. शेतीच्या बाजूने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातील गावे घेतली गेली. पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्यात मिसळण्यापूर्वी शेततळ्यात धरावे आणि हरभऱ्यास एखाद-दुसरे संरक्षित ओलित द्यावे, हा शेततळ्यामागील विचार आहे.