चौदा ऑगस्टचे साक्षी

ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत एक गोष्ट सहज लक्षात येते. जन्मदिवस साजरे होतात ते केवळ तिघांचे: प्रभू येशूचा २५ डिसेंबरला, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला. इतर संतांचा सण शक्यतो त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. श्रद्धावंताचा या जगातील अखेरचा दिवस हा स्वर्गातील त्याचा जन्मदिवस होय, अशी ही प्राचीन धारणा आहे. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील बिशप संत पॉलिकार्प यांना हौतात्म्य आले, तेव्हापासून त्यांच्या समुदायाने तो दिवस दरवर्षी आनंदाने पाळावयाचे ठरविले. आपल्या मराठी मुलखातही थोर पुरुषाच्या मृत्युदिनाला आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो. मरणाच्या दिवसाला पुण्याचा दिवस म्हणण्याची ही रीत आपल्याला ख्रिस्तसभेतून आणि मायबोलीतून, अशी दोन्हींकडून लाभली आहे.

एकाच तारखेस अनेक थोरांचे निधन झाले की मनुष्याला त्यात काही गूढ संकेत दिसू लागतो. याविषयी थोडे सावध असावे. शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस या दोघांच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगितली जाते. परंतु त्या वेळी इंग्लंड जुने पंचांग वापरीत होते आणि स्पेन नवे, त्यामुळे दोन्ही मृत्यूंत प्रत्यक्षात दहा दिवसांचे अंतर पडते. आविलाच्या संत तेरेजा यांचे देहावसान ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री झाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडला तो १५ ऑक्टोबर! पोप तेरावे ग्रेगरी यांनी सुधारलेले पंचांग त्याच रात्री अमलात आले होते. म्हणून त्यांचा सण आपण १५ ऑक्टोबरला पाळतो. तारखा माणसांनीच ठरविलेल्या आहेत. योगायोगातून भविष्य वाचण्याचे कारण नाही. तथापि एक तारीख अनेक माणसांना आपल्यासमोर एका रांगेत उभे करते, आणि त्यांच्याकडे एकत्र पाहिल्याने प्रत्येकाविषयी काही नवे उमगते, एवढा लाभ निश्चित आहे. या दृष्टीने आम्ही १४ ऑगस्ट ही तारीख निवडली आहे. पालघर-बोईसर-तारापूर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना ही तारीख ठाऊक असते ती स्वर्गोन्नयनाच्या सणाची आणि स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या म्हणून. तिची स्वतःची ओळख मात्र मागे पडते.

आरंभ एका राजापासून करू. पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याने १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोता येथे कास्तिलच्या सैन्याचा पराभव केला आणि आपल्या देशाचे स्वातंत्र्य राखले. त्या विजयाबद्दल त्याने पवित्र मरियेच्या नावे बाताल्या येथे भव्य मठ उभारण्यास प्रारंभ केला. पुढे अठ्ठेचाळीस वर्षांनी, १४ ऑगस्ट १४३३ रोजीच, तो मरण पावला व त्याच मठात चिरनिद्रा घेत आहे. त्याचा पुत्र एन्रिक याने दर्यावर्दी मोहिमांना चालना दिली. त्या परंपरेतून १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, आणि सोळाव्या शतकात वसईपासून दमणपर्यंतचा आपला किनारा पोर्तुगीज अमलाखाली आला. तारापूरचा किल्ला त्या काळाची खूण आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत प्रथम तारापूर आणि नंतर वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. राजांच्या नशिबी स्मारके असतात, आणि ती दगडांची असल्यामुळे दीर्घकाळ टिकतात.

आता त्याच तारखेचे दुसरे टोक पाहा. १४ ऑगस्ट १४८० रोजी इटलीच्या दक्षिण टोकावरील ओत्रांतो या बंदरगावातील आठशेहून अधिक पुरुषांचा तुर्की फौजेने शिरच्छेद केला. गाव पडल्यावर त्यांना धर्म सोडण्यास सांगण्यात आले होते आणि त्यांनी नकार दिला होता. ही सामान्य गावकरी मंडळी होती. त्यांच्या वतीने प्रथम बोलला तो आन्तोनियो प्रिमाल्दो, कापडाच्या धंद्यातला एक वृद्ध कारागीर. १२ मे २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या सर्वांना संतपद बहाल केले. परंतु ‘आन्तोनियो प्रिमाल्दो व सोबती’ याहून अधिक काही नोंदीत येऊ शकले नाही. बाकीच्यांची नावे देवालाच ठाऊक.

विसाव्या शतकात ही तारीख पुन्हा रक्ताने लिहिली गेली. पोलंडमध्ये ८ जानेवारी १८९४ रोजी जन्मलेले संत मॅक्सिमिलियन कोल्बे फ्रान्सिस्कन व्रतस्थ झाले. १९१७ मध्ये रोमला शिकत असताना त्यांनी ‘निष्कलंक मातेची सेना’ ही संघटना स्थापन केली, १९२२ मध्ये एक मासिक सुरू केले आणि १९२७ मध्ये वॉर्सानजीक मठाची एक आख्खी वसाहत वसविली. छापखाना हे त्यांचे आवडते साधन. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर या वसाहतीने विस्थापितांना, त्यात ज्यू बांधवांनाही, आश्रय दिला. फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली व मे महिन्यात आउश्वित्सच्या छळछावणीत धाडले. तेथे त्यांचे नाव जाऊन १६६७० हा क्रमांक उरला.

जुलैच्या अखेरीस छावणीतून एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. निवडलेल्यांपैकी फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक हा सैनिक बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. तेव्हा कोल्बे रांग सोडून पुढे आले आणि या माणसाच्या जागी मला घ्या, अशी त्यांनी विनंती केली. अधिकाऱ्याने ती मान्य केली. अंधारकोठडीत त्यांनी सोबत्यांना प्रार्थनेचा व भजनांचा आधार दिला. दोन आठवड्यांनंतरही ते जिवंत होते, म्हणून १४ ऑगस्ट १९४१ रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांचा अंत करण्यात आला. दुसऱ्या दिवशी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांच्या देहाचे दहन झाले. ज्याच्यासाठी ते मेले तो गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगला, आणि १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोल्बेंना संत घोषित केले तेव्हा तो समारंभास हजर होता.

कोल्बे यांचे आपल्या देशाशी आणि आपल्या प्रदेशाशी असलेले नाते फारसे कुणाला ठाऊक नसते. १९३० पासून ते जपानच्या नागासाकी शहरी मिशनकार्य करीत होते. तेथून १९३२ मध्ये ते केरळातील एर्नाकुलमला आले. भारतातही आपल्या कार्याचे केंद्र व्हावे ही त्यांची इच्छा होती, पण ती फळास आली नाही. आणि नागासाकी म्हणजे तर आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांची बलिदानभूमी. तेही फ्रान्सिस्कनच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्यांना तेथे क्रुसावर चढविण्यात आले. जन्म, भाषा व काळ यांनी दूर असलेले दोन फ्रान्सिस्कन नागासाकीच्या मातीत असे जवळ येतात.

कोल्बेंच्या मृत्यूला एक वर्ष पुरे झाले तो दिवस म्हणजे शुक्रवार, १४ ऑगस्ट १९४२. स्थळ आपले पालघर. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला होता व दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सारे नेते तुरुंगात गेले होते. नेते गेले तरी चळवळ थांबली नाही. ती गावागावांत गेली. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर तालुक्याच्या कचेरीवर तिरंगा फडकविण्यासाठी आसपासच्या गावांतून लोक निघाले. मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण धारातीर्थी पडले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. लगेच दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात निधन झाले. पाच वर्षांनंतर तीच तारीख देशाच्या स्वातंत्र्याची तारीख ठरली.

पालघरच्या पाचबत्ती भागातील हुतात्मा स्तंभ या पाच जणांचा आहे. दरवर्षी १४ ऑगस्टला तेथे लोक जमतात व त्यांना मानवंदना देतात. पाच नावांतील मुरबे, नांदगाव व सालवड ही तीन गावे बोईसर-तारापूरच्या बाजूची आहेत. ओत्रांतोच्या शेकडो हुतात्म्यांची नावे काळाने पुसली, आउश्वित्समध्ये नावांऐवजी क्रमांक आले. येथे मात्र पाचही जणांची नावे वडिलांच्या नावासह, गावासह आपल्यापाशी शाबूत आहेत. ही ठेव आहे, आणि ठेव सांभाळावी लागते.

येथे काही वाचक विचारतील: संताचे बलिदान आणि देशभक्ताचे बलिदान एकाच मापाने कसे मोजावे? ते एक नाहीत, हे आम्हांसही मान्य आहे. कोल्बेंनी परमेश्वरावरील प्रीतीपोटी एका अनोळखी माणसाचा मृत्यू जाणूनबुजून आपल्यावर घेतला. पालघरचे पाच जण देशाच्या मुक्तीसाठी निघाले होते. मरण त्यांनी मागितले नव्हते, पण ते टाळण्यासाठी मागेही फिरले नाहीत. त्यांचे स्थान वेदीवर नाही, आणि तसा आग्रह कुणी धरलेला नाही. परंतु शब्दांकडे पाहावे. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ख्रिस्तसभा जो मूळ ग्रीक शब्द वापरते त्याचा अर्थ ‘साक्षीदार’, म्हणूनच आपण ‘रक्तसाक्षी’ असेही म्हणतो. आहुती आणि साक्ष ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत. १९७१ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कोल्बेंना ‘धन्य’ घोषित केले तेव्हा त्यांना हुतात्मा म्हटले नव्हते, कारण धर्मद्वेषापोटी त्यांची हत्या झाली असे काटेकोरपणे सिद्ध करणे कठीण होते. अकरा वर्षांनी दुसऱ्या जॉन पॉल यांनी त्यांना हुतात्मा म्हणूनच संतपद दिले. मनुष्यमात्राची प्रतिष्ठा पायदळी तुडविणाऱ्या सत्तेपुढे प्रीतीने उभे राहणे हीही श्रद्धेची साक्ष होय, असा त्या निर्णयाचा आशय आम्ही समजतो. तो समजला म्हणजे अन्यायी सत्तेपुढे निःशस्त्र उभ्या राहिलेल्या आपल्या शेजाऱ्यांकडे आदराने पाहणे अवघड जात नाही.

हा प्रश्न आमच्या धर्मग्रामांना विशेष लागू आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पोटापाण्यासाठी वसईहून, गोव्याहून, केरळ-तामिळनाडूहून कित्येक ख्रिस्ती कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांच्या मुलांचा जन्म येथला, शाळा येथली. परंतु ज्या मातीत घर बांधले तिचा इतिहास त्यांच्यापर्यंत पोहोचविणारे घरात कुणी नव्हते. सालवडवरून रोज जाणाऱ्या मुलाला सुकूर मोरे हे नाव ठाऊक नसेल, तर त्यात त्या मुलाचा दोष नाही. पाहुणा म्हणून राहावयाचे की गावकरी म्हणून, याचा निर्णय बऱ्याच अंशी अशा नावांच्या ओळखीवर ठरतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. १४ ऑगस्टला सकाळच्या मिस्सेत संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचे स्मरण होतेच. त्याच दिवशीच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत या पाच हुतात्म्यांची नावे घ्यावीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन्ही कथा शेजारी शेजारी सांगाव्यात. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना घेऊन दुपारी हुतात्मा स्तंभापाशी इतर गावकऱ्यांसोबत उभे राहावे. संध्याकाळी घरोघरी स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी सुरू होईलच. दुसऱ्या दिवशी मातेचा सण आणि मातृभूमीचा उत्सव एकाच सकाळी येतात. आदल्या दिवशीची किंमत ज्यांनी चुकती केली, त्यांची नावे उच्चारून त्या सकाळीत प्रवेश करणे आपल्याला शोभेल.