लपविणे आणि जपणे

वृत्तपत्र उघडले की 'आरोपी फरार' हे दोन शब्द हमखास दृष्टीस पडतात. इंग्रजी वृत्तपत्रांत त्याच जागी 'ॲब्स्कॉन्ड' हे क्रियापद येते. गुन्हा करून परागंदा झालेला, कर्ज बुडवून रातोरात गाव सोडलेला, असा माणूस त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभा राहतो. सेमिनरीत लॅटिनच्या तासाला या शब्दाचे मूळ रूप मला प्रथम भेटले ते मात्र निराळ्याच संगतीत. पिठात खमीर ठेवणारी एक गृहिणी तेथे होती. अशा सोज्ज्वळ घरातला शब्द पोलिसांच्या दप्तरात कसा जाऊन पडला, हे कुतूहल तेव्हापासून मनात राहिले आहे.

मूळ लॅटिन क्रियापद 'आब्सकोंदेरे'. 'आब्स' म्हणजे दूर, बाजूला. 'कोंदेरे' म्हणजे एकत्र ठेवणे, साठविणे, स्थापन करणे. धान्य कोठारात भरणे, मृतदेह थडग्यात ठेवणे, नगर वसविणे या सर्वांना रोमन लोक हेच क्रियापद वापरीत. या क्रियापदातील 'देरे' हा अंश ज्या प्राचीन धातूपासून निघाला, त्याचेच संस्कृतातील भावंड म्हणजे 'धा', अर्थात ठेवणे. आपले 'निधान' आणि 'अंतर्धान' हे दोन्ही शब्द त्या 'धा'चेच. एकात ठेव आहे, दुसऱ्यात दिसेनासे होणे आहे. तात्पर्य, 'आब्सकोंदेरे'चा मूळ अर्थ पळणे असा नव्हे, तर एखादी वस्तू नजरेआड नीट ठेवून देणे असा आहे.

लॅटिनच्या लेकींनी हा वारसा आपापल्या परीने सांभाळला. बोलीभाषेत त्यातला 'ब' गळाला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'एस्कोंदेर' झाले, रुमानियनमध्ये 'अस्कुंदे'. इटालियनने आरंभी एक उपसर्ग जोडून 'नास्कोंदेरे' केले. या भाषांत तो आजही रोजच्या वापरातला, निष्पाप शब्द आहे. आपल्या लपंडावाला इटालियन मुले 'नास्कोंदीनो' म्हणतात, स्पॅनिश मुले 'एस्कोंदीते'. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील एका बंदराचे नावच 'पुएर्तो एस्कोंदीदो', म्हणजे दडलेले बंदर, असे आहे. फ्रेंचमध्ये मात्र जुना 'एस्कोंद्र' मागे पडला आणि 'काशे' हा निराळ्या कुळातला शब्द त्याच्या जागी आला.

या कुळातील एक लेकरू मठात वाढले. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी मठवासी झाकलेला कंदील वापरीत. त्याला 'आब्सकोन्सा', म्हणजे झाकलेली, असे म्हणत. पुढे या शब्दाचे आद्याक्षर झिजले आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'स्कॉन्स' आला. आज भिंतीवरील दिव्याच्या बैठकीला ते नाव आहे. येथे ज्योत झाकली जाई ती विझवण्यासाठी नव्हे, तर ती जपूनही ठेवावी आणि इतरांच्या डोळ्यांवर उजेडही येऊ नये, म्हणून.

पवित्र शास्त्राच्या लॅटिन भाषांतरात, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात संत जेरोम यांच्या हाताने घडलेल्या व्हुल्गातात, या क्रियापदाच्या दोन्ही बाजू दिसतात. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम परमेश्वरापासून झाडांत लपतो तो याच क्रियापदाने. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील भित्रा चाकर धन्याचा पैसा जमिनीत पुरतो तोही याच क्रियापदाने. पण त्याच मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्त्री पिठात खमीर 'लपविते', शेतात ठेवा 'लपलेला' असतो, आणि सहाव्या अध्यायात पिता 'गुप्त स्थळी' पाहतो. शब्द एकच. आदाम आणि चाकर भयाने लपवितात. खमीर मात्र पीठ फुगेल या भरवशाने आत ठेवलेले असते. चाकराने पुरलेला पैसा होता तेवढाच बाहेर निघाला. खमिराने सारे पीठ फुगवले.

इंग्रजीत 'ॲब्स्कॉन्ड' दाखल झाला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. प्रारंभी त्याला लपविणे हाही अर्थ होता. पण त्या कामासाठी 'हाइड' हा घरचा शब्द आणि फ्रेंचमार्गे आलेला 'कन्सील' आधीच हजर होते. या नव्या पाहुण्याच्या वाट्याला उरली ती कायद्याला चुकवून पळणाऱ्यांची संगत.

योगायोग असा की तो काळही लपण्याचाच होता. १५८५ च्या कायद्याने येशूसंघीयांना आणि परदेशी सेमिनरीत दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूंना चाळीस दिवसांत इंग्लंड सोडण्यास फर्मावले. मागे राहणे हा राजद्रोह ठरला आणि त्यांना आश्रय देणाऱ्यालाही मृत्युदंड. त्या वर्षांत निकोलस ओवेन हा ऑक्सफर्डचा सुतार, येशूसंघाचा धर्मबंधू, कॅथलिक घरांच्या भिंतींत, जिन्यांखाली आणि धुराड्यांलगत धर्मगुरूंसाठी लपण्याच्या जागा बांधीत असे. खरे काम तो रात्री एकट्याने करी. १६०६ च्या जानेवारीत हिंडलिप येथील घराच्या झडतीत तो सापडला. लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसून मार्चमध्ये त्याने प्राण सोडला, पण एकही जागा सांगितली नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७० साली त्याला संतपद दिले. कायद्याच्या लेखी तो गुन्हेगारच होता. पण लपविणे म्हणजे जपणे, हा त्या शब्दाचा जुना अर्थ त्याने लाकडात आणि दगडात लिहून ठेवला.

त्या इंग्लंडचा एक धागा आपल्या मराठीपर्यंत येऊन पोचतो. विल्टशायरमध्ये सुमारे १५४९ साली जन्मलेले थॉमस स्टीफन्स त्याच काळात मायदेश सोडून रोमला गेले. ज्यांच्यासह जाण्याचा त्यांचा बेत होता ते थॉमस पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची तीसएक वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स १५७५ साली येशूसंघात दाखल झाले, १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले. स्वदेशात ज्या श्रद्धेला भिंतीआड दडावे लागले, तिला परक्या भूमीवर मराठी ओवीत मोकळा कंठ लाभला. खमिराची गोष्ट याहून वेगळी काय सांगते?

म्हणून 'लपला' हा शब्द ऐकला की मी आता दोन प्रश्न विचारतो: कशापासून? आणि कशासाठी? माझ्याकडे येणारी कितीतरी माणसे काही ना काही लपवून आलेली असतात. आदामासारखे भयाने दडलेल्याला हाक मारून बाहेर बोलवावे लागते. ज्याने काही जपण्यासाठी आत ठेवले आहे, त्याचे दार मात्र आपण वाजवू नये. यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात खुद्द परमेश्वराला याच क्रियापदापासून आलेले विशेषण लाभले आहे: 'देउस आब्सकोंदितुस', गुप्त परमेश्वर. तो आपल्याला टाळून पळालेला नाही. पिठातल्या खमिरासारखा तो आत आहे.