‘आइल’ : एक शब्द आणि एक बेट

इंग्रजी काव्याच्या वाचकांस ‘आइल’ हा शब्द परिचित आहे. बेटाला रोजच्या व्यवहारात इंग्रज माणूस ‘आयलँड’ म्हणतो. कवीच्या लेखणीतून मात्र बहुधा ‘आइल’ उतरतो. पहिल्या शब्दाने नकाशावरील जागा दिसते, दुसऱ्याने मनातील. आयरिश कवी येट्स यांनी लंडनमध्ये राहून मायभूमीतील सरोवराच्या एका बेटाची ओढ कवितेत व्यक्त केली. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कवितेच्या शीर्षकात त्यांनी हाच शब्द योजिला. त्या बेटाचे नाव इनिसफ्री, आणि आयरिश भाषेत ‘इनिस’ म्हणजेच बेट. एकाच शीर्षकात बेट दोनदा आले! आम्हां मुंबईकरांनी याला हसू नये. पोर्तुगीज जुहूला ‘जुवें’ म्हणत आणि कोकणीत जुवें म्हणजे बेटच. ‘जुहू बेट’ असे म्हणताना आम्हीही तेच करीत असतो.

‘आइल’ आणि ‘आयलँड’ ही सख्खी भावंडे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे रक्ताचे नाते नाही. ‘आयलँड’ हा अस्सल इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत ‘ईग’ म्हणजे बेट, आणि त्याचे मूळ पाण्याच्या नावाशी जाऊन भिडते. त्यापुढे भूमिवाचक ‘लँड’ जोडला गेला. ‘आइल’ हा मात्र परदेशचा पाहुणा. लॅटिन ‘इन्सुला’ फ्रेंचांच्या मुखी झिजला, आणि नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर जे असंख्य फ्रेंच शब्द तेथे आले, त्यांच्याबरोबर हाही आला. पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या विद्वानांनी मूळ शब्दातील ‘एस’ हे अक्षर त्याच्या लेखनात परत आणले. ते उच्चारात कधीच आले नाही. एवढ्यावर न थांबता, ‘आयलँड’ही त्याच घराण्यातील असावा अशा समजुतीने तेच मुके अक्षर त्यालाही चिकटविण्यात आले. घरच्या शब्दाला पाहुण्याचा अंगरखा चढविला गेला आणि तो आजतागायत उतरलेला नाही. आपल्या बोलीतील शब्दांची लाज वाटून त्यांना परका वेष चढविणाऱ्यांनी ही कथा ध्यानी ठेवावी.

या घोळात आणखी एक शब्द सापडला. चर्चमधील बाकांमधून जाणाऱ्या वाटेलाही इंग्रजीत ‘आइल’च म्हणतात. त्याचे मूळ लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. मुख्य दालनाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या भागांस हे नाव होते. बेटाच्या शब्दाशी गफलत होऊन त्याच्याही लेखनात ‘एस’ शिरले.

आता आमच्या बेटाकडे वळू. साष्टीच्या पश्चिमेला लागून असलेली जुहू ही वाळूची चिंचोळी पट्टी. १५३४ सालच्या वसईच्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती आली. सत्ता बदलल्या, तरी एकोणिसाव्या शतकातही जुहू बेटच होते. ओहोटी लागली की मधली खाडी पायी ओलांडता येई. भरती आली की थांबणे भाग पडे. उत्तर टोकाच्या गावात भंडारी, आगरी व कुणबी राहत. दक्षिणेस कोळ्यांची वस्ती होती. १८४५ साली माहीमच्या बांधाने मुंबई व वांद्रे जोडले गेले. जुहूचे संत जोसेफ चर्च १८५३ सालचे. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटा यांनी येथे जमीन घेऊन बंगला बांधला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. कवी एकांतासाठी बेटाचे स्वप्न पाहतो. आमच्या बेटावरील माणसे मात्र ओहोटीची वाट पाहत असत, ती पलीकडे जाण्यासाठी.

शब्दांतही हे दोन मार्ग दिसतात. ‘इन्सुला’पासूनच इटालियन व फ्रेंच मार्गे ‘आयसोलेट’ हा शब्द निपजला. त्याचा मूळ अर्थ ‘बेटासारखा एकटा केलेला’. २०२० च्या साथीत ‘आयसोलेशन’ म्हणजे काय, हे घरोघरी कळले. उलट संस्कृत ‘द्वीप’ हा द्वि आणि अप् यांपासून झाला. दोन्ही बाजूंना पाणी, एवढेच तो सांगतो. एकटेपणाचा उल्लेखही करीत नाही. हिब्रू भाषेत बेट आणि समुद्रकाठ यांना एकच शब्द आहे. म्हणूनच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दूरची द्वीपे टाकून दिलेली नाहीत. ती प्रभूच्या न्यायाची वाट पाहत आहेत.

वाचकहो, प्राचीन रोमचे लोक भाडेकरूंच्या बहुमजली इमारतीलाही ‘इन्सुला’ म्हणत. आज जुहूची खाडी बुजली आहे, रस्ते सर्व बाजूंनी येतात. तरी उंच इमारतीतील कुटुंबाला शेजारच्या कोळीवाड्यात कोणाकडे मयत झाली हे कळत नाही, आणि रविवारी एकाच बाकावर बसणाऱ्यांना एकमेकांची नावे ठाऊक नसतात. पाण्याला दिवसातून दोनदा ओहोटी लागे आणि वाट आपोआप मोकळी होई. भिंतीला ओहोटी नसते. तेथील वाट माणसानेच उठून चालावी लागते, आणि तिचा आरंभ चर्चमधील त्या दुसऱ्या ‘आइल’पासून, बाकांमधल्या वाटेपासून, करता येण्याजोगा आहे.