स्टॉक कार शर्यती : चालकांमधील चुरस आणि अजिंक्यपद

स्टॉक कार शर्यत हा मुख्यतः अमेरिकेत रुजलेला मोटार-शर्यतींचा प्रकार आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींशी बाह्यरूपात साम्य राखणाऱ्या, पण आतून केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या बहुधा लंबगोल ट्रॅकवर धावतात. ‘नॅसकार’ ही या खेळाची प्रमुख नियामक संस्था आणि तिची ‘कप’ मालिका ही सर्वोच्च स्पर्धा होय. फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात ३६ शर्यती होतात आणि त्यांतील गुणांवरून वर्षाचा अजिंक्य चालक ठरतो. जवळजवळ दर आठवड्याला तेच चालक समोरासमोर येत असल्यामुळे एका शर्यतीतला राग पुढच्या शर्यतीत उतरतो. या खेळातील गाजलेल्या स्पर्धांमागे चालकांचे स्वभाव असतातच, पण त्यांना आकार येतो तो दोन गोष्टींमुळे : गाडीला गाडी लावण्याची असलेली मुभा आणि गुण मोजण्याची पद्धत. गुणपद्धती बदलली, तसे वैराचे रूपही बदलत गेले.

उगम

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चोरटी दारू वाहून नेणारे चालक पोलिसांना चुकवण्यासाठी आपल्या गाड्यांची इंजिने वाढीव ताकदीची करून घेत. मोकळ्या वेळी ते आपसांत शर्यती लावत. अशा विखुरलेल्या शर्यतींना एक नियम व एक गुणतक्ता देण्यासाठी बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे बैठक बोलावली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची स्थापना झाली. आजच्या कप मालिकेचे मूळ असलेली पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे यांची गाडी नियमबाह्य ठरवून जिम रोपर यांना विजयी घोषित करण्यात आले. पहिले अजिंक्यपद रेड बायरन यांनी मिळवले. १९५९ च्या पहिल्या ‘डेटोना ५००’ शर्यतीत ली पेटी आणि जॉनी बोशां इतके बरोबरीने आले, की छायाचित्रे तपासून पेटी यांचा विजय जाहीर करायला तीन दिवस लागले.

डावपेच आणि धक्क्याची रीत

फॉर्म्युला वनच्या गाड्यांची चाके उघडी असल्याने तेथे चाकाला चाक लागणे जीवघेणे ठरू शकते. स्टॉक कारची चाके पत्र्याआड असतात व बांधणी दणकट असते, त्यामुळे धक्का सोसून ती धावू शकते. सुमारे ८५० मीटर लांबीच्या मार्टिन्सव्हिल किंवा जवळपास तेवढ्याच ब्रिस्टलच्या ट्रॅकवर पुढे जायला जागा नसते. तेथे मागचा चालक पुढच्याच्या मागील बंपरला वळणावर हलका धक्का देतो, पुढची गाडी किंचित बाहेर सरकते आणि मागचा आतून निघून जातो. हा डाव ‘बंप अँड रन’ म्हणून ओळखला जातो व तो खेळाचा मान्य भाग आहे. पुढच्याची गाडी पूर्ण फिरवून भिंतीवर धाडणे मात्र आगळीक मानली जाते. वाद होतात ते या दोहोंमधील सीमेवर, कारण धक्का देणाऱ्याच्या मते तो हलका असतो आणि खाणाऱ्याच्या मते मुद्दाम दिलेला.

डेटोना (४ किलोमीटर) व टॅलाडेगा या मोठ्या ट्रॅकवर डावपेच वेगळे असतात. पुढची गाडी हवा कापते आणि तिच्यामागे कमी रोधाची जागा तयार होते. त्या जागेत चिकटून धावणे म्हणजे ‘ड्राफ्टिंग’. मागचा चालक ऐन वेळी बाहेर पडून पुढे झेपावू शकत असल्याने शेवटच्या लॅपमध्ये पहिला असणे पूर्वी तोट्याचे समजले जाई. येथे एकट्याने जिंकता येत नाही. मागून ढकलणारा साथीदार लागतो आणि तोच शेवटच्या वळणावर प्रतिस्पर्धी होतो.

पेटी आणि पिअरसन

रिचर्ड पेटी (२०० विजय, ७ अजिंक्यपदे) आणि डेव्हिड पिअरसन (१०५ विजय, ३ अजिंक्यपदे) यांची स्पर्धा या खेळातील सर्वांत समतोल मानली जाते. पहिल्या दोन क्रमांकांवर हे दोघेच असे ६३ वेळा घडले. त्यांत पिअरसन ३३ वेळा व पेटी ३० वेळा पुढे राहिले. १९६७ मध्ये पेटी यांनी एकाच हंगामात २७ शर्यती जिंकल्या, त्यांपैकी १० सलग होत्या. पिअरसन अनेक हंगामांत निवडक शर्यतींतच उतरत, म्हणून त्यांची अजिंक्यपदे कमी दिसतात.

डावपेचांत पिअरसन धूर्त होते. ४ जुलै १९७४ रोजी डेटोना येथे शेवटचा लॅप सुरू होताच त्यांनी अचानक वेग कमी केला. त्यांचे इंजिन बिघडले असे वाटून पेटी पुढे निघून गेले. पिअरसन पुन्हा त्यांच्या मागे लागले आणि ड्राफ्टचा फायदा घेऊन अंतिम रेषेपाशी त्यांना मागे टाकले. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या वळणातून बाहेर पडताना दोघांच्या गाड्या आदळून भिंतीवर गेल्या. पेटी यांची गाडी अंतिम रेषेच्या काही पावले अलीकडे बंद पडली. पिअरसन यांनी क्लच दाबून इंजिन चालू ठेवले होते. मोडक्या गाडीने सरपटत रेषा ओलांडून ते जिंकले. इतके होऊनही या दोघांमध्ये वैर वाढले नाही. आपल्यासमोर धावलेला सर्वश्रेष्ठ चालक म्हणून पेटी पिअरसन यांचेच नाव घेत आले.

१९७९ चा हंगाम

१८ फेब्रुवारी १९७९ रोजीची डेटोना ५०० ही आरंभापासून शेवटपर्यंत अमेरिकाभर दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेली पहिली ५०० मैलांची शर्यत होती. बर्फवृष्टीमुळे देशाच्या पूर्व भागात लोक घरांत अडकले होते, त्यामुळे नवा प्रेक्षकवर्ग मोठा होता. शेवटच्या लॅपमध्ये आघाडीवरील डॉनी ॲलिसन यांनी केल यारबरो यांची वाट अडवली. दोन्ही गाड्या पुन्हा पुन्हा एकमेकींवर आदळत तिसऱ्या वळणावर बंद पडल्या आणि बरेच मागे असलेले पेटी विजयी झाले. डॉनी यांचे बंधू बॉबी ॲलिसन तेथे थांबल्यावर यारबरो यांच्याशी हातघाई झाली, तीही कॅमेऱ्यासमोर. दक्षिणेपुरता मर्यादित समजला जाणारा हा खेळ त्या दिवसापासून देशभर पोचू लागला.

त्याच वर्षी अजिंक्यपदासाठी पेटी आणि तरुण, बोलघेवडे डॅरेल वॉल्ट्रिप यांच्यात झुंज लागली. शेवटच्या शर्यतीपूर्वी वॉल्ट्रिप २ गुणांनी पुढे होते. कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरिओ येथे ही आघाडी निसटली आणि पेटी ११ गुणांनी सातव्यांदा अजिंक्य ठरले.

अर्नहार्टचे पर्व

डेल अर्नहार्ट (७६ विजय, ७ अजिंक्यपदे) यांच्या ३ क्रमांकाच्या गाडीने धक्क्याची रीत टोकाला नेली. १९८६ मध्ये रिचमंड येथे अखेरच्या टप्प्यात वॉल्ट्रिप पुढे जाताच अर्नहार्ट यांनी त्यांना धडक दिली. आघाडीच्या गाड्या अपघातात सापडल्या आणि काइल पेटी जिंकले. ऑगस्ट १९९९ मध्ये ब्रिस्टलला शेवटच्या लॅपमध्ये टेरी लबाँटी यांची गाडी त्यांनी फिरवली. आपल्याला त्यांना फक्त थोडे हलवायचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. जिंकूनही प्रेक्षकांनी मात्र त्यांची हुर्यो उडवली.

जेफ गॉर्डन यांच्याशी असलेली त्यांची स्पर्धा वेगळ्या जातीची होती. अर्नहार्ट नॉर्थ कॅरोलायनातील गिरणी-वस्तीतून आलेले, तर गॉर्डन कॅलिफोर्नियात जन्मलेले आणि जाहिरातदारांचे लाडके. १९९५ मध्ये गॉर्डन यांनी ३४ गुणांनी अजिंक्यपद घेऊन अर्नहार्ट यांचे विक्रमी आठवे विजेतेपद रोखले. या स्पर्धेत प्रेक्षकच दोन तट पडून उभे राहिले : एका बाजूला जुना, श्रमिक दक्षिण भाग, दुसऱ्या बाजूला खेळाकडे नव्याने वळलेला देश.

अर्नहार्ट यांना डेटोना ५०० विसाव्या प्रयत्नात, १९९८ मध्ये, जिंकता आली. तेव्हा प्रतिस्पर्धी संघांचे कर्मचारी पिटच्या रस्त्यावर रांगेने उभे राहून त्यांच्याशी हस्तांदोलन करत होते. ज्यांच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षे ठोकल्या, तीच ही माणसे होती. या खेळातील वैर आणि आदर एकत्र नांदतात याचे याहून ठळक उदाहरण नाही.

१९९२ : दहा गुणांचे अजिंक्यपद

१९७५ ते २००३ या काळात विजेत्याला १७५, दुसऱ्याला १७० व पुढे उतरत्या क्रमाने गुण मिळत. एखादा लॅप आघाडीवर राहणाऱ्यास ५ आणि सर्वाधिक लॅप आघाडीवर राहणाऱ्यास आणखी ५ गुण असत. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा चालक विजेत्याइतकेच गुण मिळवू शके. १५ नोव्हेंबर १९९२ रोजी अटलांटा येथे नेमके हेच घडले.

डेव्ही ॲलिसन गुणतक्त्यात पहिले होते, पण अपघातामुळे ते शर्यतीतून बाहेर फेकले गेले. उरले ॲलन कुल्विकी व बिल एलियट. कुल्विकी हे अभियांत्रिकीचे पदवीधर, स्वतःचा लहान संघ स्वतःच चालवणारे. ६ शर्यती शिल्लक असताना ते २७८ गुणांनी मागे होते. अटलांटात एलियट जिंकले आणि कुल्विकी दुसरे आले. आघाडीवरचे लॅप मात्र कुल्विकी यांचे १०३ आणि एलियट यांचे १०२ भरले. दोघांनाही १८० गुण मिळाले व कुल्विकी यांची आधीची १० गुणांची आघाडी टिकली. हा एक लॅप उलटा पडता तर गुण समान होऊन अधिक विजयांच्या बळावर एलियट अजिंक्य ठरले असते. रिचर्ड पेटी यांची अखेरची आणि जेफ गॉर्डन यांची कप मालिकेतील पहिली शर्यतही हीच. पुढच्याच वर्षी कुल्विकी विमान अपघातात आणि डेव्ही ॲलिसन हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले.

गुणपद्धतीतील बदल

जुन्या पद्धतीत सातत्याला मोल होते. २००३ मध्ये मॅट केन्सेथ केवळ एक शर्यत जिंकून अजिंक्य झाले, तर ८ शर्यती जिंकणारे रायन न्यूमन सहावे राहिले. २००४ पासून अखेरच्या १० शर्यतींसाठी आघाडीच्या चालकांचे गुण जवळजवळ समान करून त्यांच्यात वेगळी लढत ठेवण्यात आली. या व्यवस्थेत जिमी जॉन्सन यांनी २००६ ते २०१० अशी सलग ५ अजिंक्यपदे मिळवली आणि पुढे २०१३ व २०१६ धरून पेटी व अर्नहार्ट यांच्या ७ अजिंक्यपदांशी बरोबरी केली. २०११ मध्ये टोनी स्टुअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स यांचे गुण २,४०३ असे समान झाले. होमस्टेडच्या अखेरच्या शर्यतीत स्टुअर्ट पहिले व एडवर्ड्स दुसरे आले होते. हंगामातील ५ विजयांच्या जोरावर, एकच विजय असलेल्या एडवर्ड्स यांच्याऐवजी स्टुअर्ट अजिंक्य ठरले.

बाद फेऱ्या आणि परतफेड

२०१४ ते २०२५ या काळात १६ चालकांतून दर तीन शर्यतींनंतर चौघे बाद होत आणि उरलेल्या चौघांपैकी शेवटच्या शर्यतीत पुढे राहणारा अजिंक्य ठरे. वर्षभराचे भवितव्य एका वळणावर येऊन ठेपले आणि धक्क्याची किंमत वाढली. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅन्सस येथे जोई लोगानो यांनी आघाडीवरील केन्सेथ यांची गाडी फिरवली. लोगानो यांची पुढची फेरी आधीच पक्की होती, केन्सेथ यांना मात्र विजय हवाच होता. पुढे केन्सेथ बाद झाले. १ नोव्हेंबरला मार्टिन्सव्हिल येथे अनेक लॅप मागे असलेल्या केन्सेथ यांनी आघाडीवरील लोगानो यांना भिंतीवर नेऊन आदळले. त्यांच्यावर दोन शर्यतींची बंदी आली, पण लोगानो यांचे अजिंक्यपदही हुकले.

२०२२ मध्ये रॉस चॅस्टेन व डेनी हॅमलिन यांच्यात हंगामभर धुसफुस चालली होती. ३० ऑक्टोबरला मार्टिन्सव्हिलच्या शेवटच्या लॅपमध्ये, अंतिम चौघांत येण्यासाठी चॅस्टेन यांना दोन क्रमांक वर सरकणे भाग होते. त्यांनी गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली, वेग कमी न करता वळण पार केले आणि दहाव्यावरून पाचव्या स्थानी पोचले. बाद झाले ते हॅमलिन. त्यानंतर असा प्रयोग दंडनीय राहील असे नॅसकारने स्पष्ट केले. २०२५ अखेर ६० शर्यती जिंकलेले हॅमलिन त्या वर्षी फिनिक्स येथे अजिंक्यपदाच्या अगदी जवळ असताना शेवटच्या क्षणी धोक्याची सूचना देणारा पिवळा झेंडा फडकला आणि विजेतेपद काइल लार्सन यांच्याकडे गेले.

शिस्त आणि सुरक्षितता

२०१० मध्ये नॅसकारने चालकांना आपसांतले वाद ट्रॅकवर मिटवण्याची अधिक मोकळीक दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये अटलांटा येथे एडवर्ड्स यांच्या धडकेने ब्रॅड केसेलोव्स्की यांची गाडी हवेत उडाली. २०१२ मध्ये फिनिक्सला क्लिंट बोयर यांची गाडी मुद्दाम ठोकल्याबद्दल गॉर्डन यांना १ लाख डॉलर दंड झाला. २०२४ मध्ये रिचमंडच्या शेवटच्या लॅपमध्ये ऑस्टिन डिलन यांनी लोगानो व हॅमलिन यांच्या गाड्या बाजूला काढून विजय मिळवला. तो विजय कायम राहिला, पण त्यातून मिळणारा बाद फेरीतील प्रवेश काढून घेण्यात आला.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या लॅपमध्ये अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. त्यानंतर डोके व मान सांभाळणारा पट्टा सक्तीचा झाला आणि धक्का शोषणाऱ्या भिंती उभारल्या गेल्या. तेव्हापासून कप मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. आजच्या चालकांना इतकी आक्रमक चुरस परवडते ती या सुधारणांमुळेच, हे विसरता येत नाही.

भारतीय संबंध

फॉर्म्युला वनमध्ये धावलेले पहिले भारतीय चालक नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरले. मार्टिन्सव्हिलच्या पदार्पणात त्यांना तेरावे स्थान मिळाले, तसेच त्या हंगामातील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्यांची निवड केली.

मूल्यमापन

पेटी-पिअरसन यांची स्पर्धा शेकडो शर्यतींत पसरलेली होती, म्हणून एक पराभव दुसऱ्या विजयाने भरून निघे. बाद फेऱ्यांच्या काळात अशी भरपाई करायला वेळच उरला नाही आणि चालकाचा राग सुडाकडे वळू लागला. प्रेक्षकांना शेवटच्या दिवशीचे नाट्य हवे असते, पण त्यासाठी हंगामभराच्या कर्तृत्वाचे मोल कमी केले तर विजेत्याबद्दलचा आदरही उणावतो. कुल्विकी यांचे अजिंक्यपद आजही निर्विवाद मानले जाते, कारण अखेरचा तो एक लॅप संपूर्ण हंगामाच्या गुणांवर उभा होता. चुरस आणि न्याय या दोहोंना सारखीच जागा देणारी गुणपद्धती हीच या खेळातील मोठ्या स्पर्धांची खरी जन्मभूमी आहे.