'काळाच्या पुढे होती' हे कारण नव्हे : कॉनी कन्व्हर्सची कारकीर्द

इतिहास वाचताना एक वाक्य आपल्याला वारंवार भेटतं : अमुक कलाकार काळाच्या पुढे होता, म्हणून दुर्लक्षित राहिला. ऐकायला बरं वाटतं, पण यातून नेमकं काय समजतं? आज एका उदाहरणावर हे वाक्य तपासून पाहू.

कॉनी कन्व्हर्स (मूळ नाव एलिझाबेथ) हिचा जन्म 1924 चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. शिष्यवृत्तीवर माउंट होलिओक कॉलेजात गेली, पण दोन वर्षांनी शिक्षण सोडून न्यूयॉर्कला आली. दिवसा एका छापखान्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात गाणी. शब्द तिचे, चाल तिची, गिटार तिची आणि आवाजही तिचाच.

1954 मध्ये जीन डाइच यांनी आपल्या घरी तिची गाणी टेपवर घेतली. (हेच डाइच पुढे 'टॉम अँड जेरी'चे काही भाग दिग्दर्शित करणार होते.) त्याच वर्षी ती सीबीएसच्या 'द मॉर्निंग शो'मध्ये गायली. पण त्यातून पुढे काहीच घडलं नाही. रेकॉर्ड कंपनीचा करार नाही, बाजारात तबकडी नाही. श्रोते म्हणजे मित्रांच्या दिवाणखान्यात जमलेली माणसं. 1961 मध्ये तिने न्यूयॉर्क सोडलं. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत बॉब डिलन तिथे पोहोचला होता.

आता प्रश्न असा, की दार बंद का राहिलं? 'काळाच्या पुढे' हे वर्णन झालं, कारण नाही. कारण शोधायचं तर त्या काळची व्यवस्था बघावी लागते. 1952 मध्ये फोकवेज कंपनीने अमेरिकन लोकसंगीताचा 84 ध्वनिमुद्रणांचा संच काढला आणि ती सगळी मुद्रणं 1920-30 च्या आसपासची होती. 1958 मध्ये किंग्स्टन ट्रायोचं 'टॉम डूली' गाजलं, तेही जुनंच लोकगीत. म्हणजे लोकसंगीताच्या वर्तुळात मान होता तो परंपरेतून आलेल्या गाण्याला. डिलनच्या 1962 च्या पहिल्या तबकडीवरसुद्धा 13 पैकी फक्त दोनच गाणी त्याची स्वतःची आहेत! कॉनीची गाणी खासगी, एकटेपणाची, चालीतही गुंतागुंतीची. ती लोकगीतांच्या कप्प्यात बसेनात, आणि नाचायच्या-गुणगुणायच्या बाजारी गाण्यांतही बसेनात. हे कारण तपासता येतं, कारण त्याला तबकड्यांचा आधार आहे.

उलट, 'ती पहिली गायिका-गीतकार' हा दावा मात्र जपून वापरावा. वुडी गथ्री तिच्या आधीच स्वतःची गाणी लिहून गात होता. 'पहिला', 'पहिली' असं लिहिताना व्याख्या आधी ठरवावी लागते. नाहीतर एक उलटं उदाहरण समोर आलं की दावा संपला.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना खरी गोडी वाटेल ती पुढच्या भागात. कॉनी मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला गेली. भाऊ फिलिप कन्व्हर्स तिथे राज्यशास्त्रज्ञ होता. 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन' या शोधपत्रिकेत ती काम करू लागली आणि पुढे व्यवस्थापकीय संपादक झाली. 1968 मध्ये तिने त्या पत्रिकेच्या 1957 पासूनच्या अंकांचा सविस्तर आढावा लिहून तिथेच छापला. हातात पदवी नाही, आणि एका अख्ख्या विषयाचा आढावा! साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहिताना घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

1974 च्या ऑगस्टमध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने आप्तांना निरोपाची पत्रं लिहिली, आपली फोक्सवॅगन गाडी काढली आणि निघून गेली. त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही.

मागे राहिलं फायलींचं एक कपाट : पत्रं, गाण्यांच्या प्रती, टेप, सगळं नीट लावलेलं. 2004 मध्ये डाइच यांनी न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात तिचं एक गाणं ऐकवलं. ते ऐकलेल्या एका तरुणाने मित्राच्या साथीने शोध घेतला आणि 2009 मध्ये 'हाउ सॅड, हाउ लव्हली' हा अल्बम आला. टेप झाली तेव्हापासून 55 वर्षांनी.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर आपल्यापुढे येतो तो नमुना कधीच यादृच्छिक नसतो. डाइच यांनी टेप फेकली असती, भावाने कपाट भंगारात दिलं असतं, तर 1950 च्या दशकातल्या गाण्यांचा इतिहास कॉनीशिवाय लिहिला गेला असता आणि कुणाला ती उणीव जाणवलीही नसती. 'असं कुणी नव्हतं' आणि 'असं कुणी सापडलं नाही' या दोन वाक्यांतलं अंतर एवढं मोठं आहे.

म्हणून आपला आराखडा लिहिताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझ्या विषयाची साधनं कुणी जपली? का जपली? आणि ज्यांच्याकडे कपाटही नव्हतं, त्यांच्याबद्दल मी कोणता निष्कर्ष काढू शकत नाही? तिसऱ्याचं उत्तर प्रबंधाच्या 'मर्यादा' या भागात जातं. तो भाग शेवटच्या रात्री लिहू नका, पहिल्या महिन्यात लिहा.