न्यूक्लिइक अम्लांचे क्रमनिर्धारण
न्यूक्लिइक अम्लाच्या रेणूतील न्यूक्लिओटाइडांचा क्रम ठरविण्याच्या प्रक्रियेस क्रमनिर्धारण म्हणतात. या पद्धतींचा वेग वाढत गेला, तरी क्षारकांना जोडलेल्या मिथिल गटांची नोंद मात्र दीर्घकाळ मागे पडली.

रॉबर्ट विल्यम हॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमधील ॲलॅनीनवाहक आरएनएचा ७७ न्यूक्लिओटाइडांचा क्रम १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूक्लिइक अम्लाचा पूर्ण क्रम ठरविण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. त्यासाठी सु. १४० किग्रॅ. यीस्टपासून केवळ सु. १ ग्रॅ. शुद्ध आरएनए मिळाले. दोन एंझाइमांनी रेणूचे निरनिराळे तुकडे करून ते परस्परांशी जुळविण्यात आले. या कामी क्वचित आढळणारे मिथिलयुक्त क्षारक खुणांसारखे उपयोगी पडले. हॉली यांना हरगोविंद खोराना व मार्शल नीरेनबर्ग यांच्यासमवेत १९६८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्रेडरिक सँगर यांची १९७७ मधील पद्धत डीएनएची प्रत तयार करण्यावर आधारलेली आहे. मिथिलयुक्त सायटोसिनासमोरही प्रतीत ग्वानीनच बसते. त्यामुळे मूळ रेणूवरील खूण प्रतीत उतरत नाही. जनुकांच्या कार्याचे नियमन काही अंशी याच खुणांवर अवलंबून असल्याने ही उणीव गंभीर होती. १९९२ मध्ये मरिअन फ्रोमर व सहकाऱ्यांनी बायसल्फाइटाच्या साहाय्याने ती दूर केली. बायसल्फाइटाच्या विक्रियेने साध्या सायटोसिनाचे युरॅसील होते, तर मिथिलयुक्त सायटोसीन टिकून राहते. अशा रीतीने हॉलींच्या पद्धतीत आपोआप दिसणारी खूण पुन्हा वाचनाच्या कक्षेत आली.