भरमार का टिकली?

गडचिरोलीतल्या जप्तीच्या बातम्यांत आजही भरमार बंदुकीचा उल्लेख असतो. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची ही बंदूक. कोकणात तिला ठासणीची म्हणतात. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवलेले तयार काडतूस १८६० च्या दशकात युरोपात रूढ झाले आणि थोड्याच वर्षांत ते साहेबांच्या शिकारी तंबूंतून मध्य प्रांतातही पोचले. त्यानंतर दीडशे वर्षे भरमार जंगलात कशी टिकली, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे आदिवासी मागासलेला राहिला, त्याला नवे काही पोचलेच नाही. हे उत्तर मला मान्य नाही. भरमारमध्ये बार भरण्याचे काम मालकाच्याच हाती राहते म्हणून ती लोकांनी सोडली नाही, आणि शेतकऱ्याच्या हाती द्यायची तर हीच द्यावी असे सरकारने ठरवले म्हणूनही ती उरली. यातले दुसरे कारण मला जास्त वजनाचे वाटते, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली आहे.

आधी बार भरण्याचे पाहू. दारू मापून नळीत ओतायची, वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा घालायचा, तो गजाने घट्ट ठासायचा, मग छर्रे, आणि ते सांडू नयेत म्हणून पुन्हा बोळा. शेवटी घोड्याखालच्या बोंडावर टोपी. दारू किती आणि छर्रे किती, बारीक की जाड, हे समोर तितर आहे की रानडुक्कर यावर भरणारा ठरवतो. काडतुसात हा निर्णय कारखान्यात होऊन गेलेला असतो. यावर कोणी म्हणेल की काडतूसही घरी भरता येत होतेच. खरे आहे. पितळी काडतुसे साहेब लोक तळावर पुन्हा भरून घेत. जेम्स फोर्सिथ या मध्य प्रांतातल्या अधिकाऱ्याने तर शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले, म्हणजे बाराचे प्रमाण हा त्यांच्याही अभ्यासाचा विषय होता. पण काडतूस भरायला त्याच मापाचे पुंगळे, त्याच मापाच्या चकत्या, जुनी टोपी काढून नवी बसवायचे अवजार, असा सगळा सरंजाम लागतो. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीकडच्या माणसाला त्यासाठी शहराची वाट धरावी लागणार. भरमारची टोपीही बाजारातूनच यायची, हे मान्य. पण बाकीच्या बाबतीत ती हाताशी असेल त्यावर भागवून घेते.

आता सरकारची बाजू. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा (आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग) इंग्रजांकडे गेला आणि चारच वर्षांत मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन हॉल आणि गार्टलँड हे दोघे मारले गेले; २१ ऑक्टोबरला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. असे उठाव पाहिलेले सरकार लोकांच्या हातातल्या बंदुकीकडे निव्वळ शेतीचे साधन म्हणून पाहणे शक्यच नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला. या कायद्याविरुद्ध काँग्रेसने वर्षानुवर्षे ठराव केले आणि गांधीजींनी १९३० च्या अकरा मागण्यांत शस्त्रपरवान्याची मागणी घातली. पण स्वराज्यात झालेला १९५९ चा शस्त्र कायदा उघडून पाहावा. त्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या प्रामाणिक राखणीसाठी परवाना द्यायची तरतूद आहे आणि तिथे बंदुकीचा प्रकार नाव घेऊन सांगितला आहे: तोंडाकडून भरायची. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. भरमार एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागतो, पावसात दगा देते, माणसांच्या जमावापुढे निरुपयोगी ठरते. शेतकऱ्याला तेवढीच शक्ती पुरे, असा त्या कलमाचा मला दिसणारा अर्थ आहे.

मग गरिबीचे काय? तिचा वाटा होताच. प्रत्येक बाराला विकतचे काडतूस धानाच्या एका पिकावर जगणाऱ्याला परवडत नाही. पण केवळ गरिबीने निवड झाली असती तर कायद्याला ती लिहून ठेवायची गरज पडली नसती. जास्त गंभीर आक्षेप वन्यजीवांचा आहे. भरमारने जनावर पुष्कळदा मरत नाही, जखमी होऊन दूर जाऊन तडफडते, आणि ही बंदूक शेताच्या बांधावरच थांबली असे कोणी म्हणू शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर या शिकारीचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र या जंगलातले वाघ भरमारने संपवले असे म्हणणे अन्याय आहे. जंगलाचे शिकारी गट पाडून परवान्यावर ते साहेबांना दिले जात, आणि स्वातंत्र्यानंतरही परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याचा धंदा चालला. त्या शिकारींत रायफली होत्या. पिकात घुसणाऱ्या रानडुकराचा प्रश्न तर बंदूक काढून घेतल्यावरही राहिलाच. २०१६ मध्ये चंद्रपुरात बाहेरून आलेल्या नेमबाजाकडून रानडुकरे मारवली गेली आणि त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. पिकाची राखण परवानाधारक शेतकऱ्याच्या हातून निघून कंत्राटी नेमबाजाकडे गेली, एवढाच फरक पडला.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आयुध निर्माणी तोफगोळे भरते, आणि गडचिरोलीत पोलिसांच्या आवाहनानंतर गावकरी भरमार बंदुका जमा करतात. त्या जमा व्हाव्यात यात शंका नाही. नक्षल चळवळीच्या काळात त्यांनी माणसेही मारली आहेत. पण जमा झालेल्या बंदुका नष्ट करण्यापूर्वी प्रत्येकीची नोंद व्हावी: कोणत्या गावातून आली, घडवणारा लोहार कोण, नळी कशाची, परवाना कधी होता का. त्यांतल्या काही निकामी करून संग्रहालयात ठेवाव्यात आणि परवान्यांचे जुने कागद अभ्यासकांना खुले करावेत, अशी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला विनंती आहे.